रक्तदाबमापन : इतिहास व अर्थ

रक्तदाबमापन : वाहत्या रक्ताचा रोहिण्यांच्या भित्तींवर जो दाब पडतो त्याला रक्तदाब म्हणतात व तो उपकरणाच्या साहाय्याने आकड्यांत मांडण्याच्या क्रियेस रक्तदाबमापन म्हणतात. हृदयाच्या डाव्या निलयाचे आकुंचन होऊन रक्त महारोहिणीत ढकलले जाते, त्या वेळी हा दाब सर्वांत जास्त असतो. त्याला आकुंचनी दाब म्हणतात. निलय सैल पडून त्यात पुन्हा रक्त भरत असताना दाब सर्वांत कमी होतो. तो प्रसरणी दाब होय. दोन्ही दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत, म्हणजे मिलिमीटरमध्ये (मिमी.) सांगतात व १२०/८० अशा रीतीने लिहितात. तिरप्या रेषेच्या वरचा आकडा आकुंचनी दाबाचा व खालचा प्रसरणी दाबाचा असतो.

रक्तदाब हा शरीराच्या तपमानासारखा जवळजवळ स्थिर आकडा नाही. प्रत्येक ठोक्याला, श्वासाला, हालचालीला व मनःस्थितीला अनुसरून तो बदलतो. झोपेत उतरतो व पहाटेनंतर चढतो. वयोमानाप्रमाणे मोठ्या रोहिण्यांची लवचिकता कमी होते व त्यामुळे आकुंचनी दाब वाढत जातो, तर प्रसरणी दाब साधारणपणे पन्नाशीनंतर स्थिरावतो किंवा घटतो. अशा चंचल राशीचे एकच माप घेऊन माणसाच्या आरोग्याविषयी काय सांगता येईल, हा प्रश्न या विषयाच्या इतिहासात आरंभापासून आहे. आज दवाखान्यात चिठ्ठीवर लिहून मिळणाऱ्या दोन आकड्यांचा अर्थ हा इतिहास पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो.

पूर्वपीठिका : रोहिणीच्या स्पंदनावरून रोगनिदान करण्याची पद्धत भारत, चीन व ग्रीस या देशांत प्राचीन काळापासून होती. भारतीय वैद्यकात नाडीपरीक्षेचे पद्धतशीर विवेचन शार्ङ्गधरसंहितेत आढळते. नाडी जलद की मंद, कठीण की मृदू, भरलेली की क्षीण हे अनुभवी बोटांना कळत असे. परंतु ते ज्ञान एका वैद्याकडून दुसऱ्याकडे आकड्याच्या रूपाने देता येत नव्हते. विल्यम हार्वी या इंग्रज वैद्यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला. रक्त बंदिस्त वाहिन्यांतून फिरते हे सिद्ध झाल्यावरच त्याच्या दाबाचा विचार शास्त्रीय पायावर करणे शक्य झाले.

रक्तदाबाचे पहिले प्रत्यक्ष मापन स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकांनी केले. वनस्पतींतील रसाच्या चढउतारावरही त्यांनी महत्त्वाचे प्रयोग केले होते. घोडीच्या मांडीतील रोहिणीत पितळी नळी बसवून ती त्यांनी काचेच्या उंच नळीस जोडली, तेव्हा रक्त हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच, म्हणजे सुमारे अडीच मीटर उंच चढले व प्रत्येक ठोक्यास खालीवर होऊ लागले. हे प्रयोग १७३३ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या उंच नळीचा उपयोग रुग्णाच्या खाटेशी करणे अर्थातच अशक्य होते. ही अडचण प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८२८ मध्ये दूर केली. पारा पाण्यापेक्षा सुमारे १३·६ पट जड असल्यामुळे पाऱ्याने भरलेल्या वाकड्या नळीत तोच दाब थोड्या उंचीत मोजता येतो. पाण्याच्या स्तंभात सुमारे १६३ सेंमी. भरणारा दाब पाऱ्याच्या स्तंभात १२० मिमी. भरतो. पाऱ्याचा स्तंभ अनेक ठिकाणांहून नाहीसा झाला, तरी दाबाचे हे एकक टिकून आहे, त्याचे मूळ या उपकरणात आहे. पुढे १८४७ मध्ये कार्ल लूटव्हिख या जर्मन शरीरक्रियावैज्ञानिकांनी पाऱ्याच्या नळीस लेखणी जोडून फिरत्या दंडगोलावर दाबाचा आलेख काढण्याची योजना केली. या सर्व पद्धतींत रोहिणी उघडावी लागत असे. मनुष्याच्या रोहिणीतील दाब अशा रीतीने प्रथम फेव्हर या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १८५६ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी मोजला व तो १२० मिमी.च्या आसपास भरला.

पट्टा व ध्वनी : रोहिणी न उघडता दाब मोजण्यामागील कल्पना साधी आहे. बाहेरून दाब देऊन रोहिणी बंद करावयाची व तो दाब हळूहळू कमी करीत रक्त पुन्हा केव्हा वाहू लागते ते पाहावयाचे. झामूएल फोन बाश यांनी १८८१ मध्ये मनगटाजवळील रोहिणीवर दाबावयाचे उपकरण तयार केले. शिपिओने रीव्हा-रोत्ची या इटालियन वैद्यांनी १८९६ मध्ये तूरिन येथे दंडाभोवती गुंडाळावयाचा फुगीर रबरी पट्टा, हवा भरण्याचा रबरी फुगा व पाऱ्याचा दाबमापक यांची जोडणी केली. आजच्या उपकरणाचे मूळ रूप हेच होय. त्यांचा पट्टा फक्त ५ सेंमी. रुंद असल्यामुळे दाब वाजवीपेक्षा जास्त भरत असे. फोन रेक्लिंगहाउझेन यांनी १९०१ मध्ये अधिक रुंद पट्टा वापरून हा दोष दूर केला. त्याच वर्षी हार्व्ही कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदांनी इटलीतील पाव्हीया येथे हे उपकरण पाहिले व ते अमेरिकेत नेले.

या उपकरणाने केवळ आकुंचनी दाब कळत असे, कारण मनगटावरील नाडी पुन्हा लागण्याचा क्षण बोटांनी ओळखावा लागे. निकोलाय कोरोत्कॉव्ह या रशियन शल्यचिकित्सकांनी १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील सैनिकी वैद्यकीय अकादमीत एका पानाहूनही लहान निवेदन सादर केले. पट्ट्याखालील रोहिणीवर स्टेथॉस्कोप ठेवून हवा सोडीत गेल्यास एका विशिष्ट दाबास ठोके ऐकू येऊ लागतात व आणखी खाली एका दाबास ते नाहीसे होतात, असे त्यांनी दाखविले. पहिला क्षण आकुंचनी दाबाचा व दुसरा प्रसरणी दाबाचा होय. अशा रीतीने दोन आकड्यांची आजची नोंद अस्तित्वात आली. हल्लीच्या विद्युत् उपकरणांत ध्वनीऐवजी पट्ट्यातील दाबाची आंदोलने टिपून गणिताने हे आकडे काढले जातात.

लक्षणाविना रोग : दाब मोजता येण्यापूर्वीच त्याच्या परिणामांची चाहूल वैद्यांना लागली होती. लंडन येथील गायज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्ये वृक्कांच्या (मूत्रपिंडांच्या) दीर्घ रोगात हृदयाचा डावा भाग जाड झालेला आढळतो असे नमूद केले. त्याच रुग्णालयात फ्रेडरिक अकबर महंमद (१८४९–८४) यांनी त्यापुढील पाऊल टाकले. मूळचे पाटण्याचे व नंतर इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले शेख दीन महंमद यांचे ते नातू. नाडीचा आलेख काढणाऱ्या यंत्रात सुधारणा करून १८७० नंतरच्या दशकात त्यांनी असे दाखवून दिले की, वृक्कांचा रोग नसलेल्या व वरकरणी निरोगी दिसणाऱ्या माणसांतही रोहिण्यांतील ताण वाढलेला असू शकतो आणि वृक्क, हृदय व मेंदू यांची हानी त्यानंतर होते. उच्च दाब हा नेहमीच दुसऱ्या रोगाचा परिणाम नसून तो स्वतःच अनेक रोगांचे कारण असतो, या आधुनिक विचाराचा हा आरंभ होय. विषमज्वराने त्यांचा अकाली मृत्यू झाला व त्यांचे कार्य बराच काळ विस्मृतीत गेले.

या विचाराला संख्येचा आधार मिळाला तो विमाव्यवसायातून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून अमेरिकन आयुर्विमा कंपन्या अर्जदारांचा रक्तदाब नोंदवू लागल्या आणि लाखो नोंदींवरून दाब जितका अधिक तितके आयुर्मान कमी, असा निष्कर्ष निघाला. पुढे विम्याच्या वैद्यकीय तपासणीत ही नोंद सर्वत्र रूढ झाली. तथापि वैद्यकीय जगताचा मोठा भाग या निष्कर्षाविषयी साशंक होता. रोहिण्या कठीण झाल्या असता रक्त इंद्रियांपर्यंत पोहोचविण्यासाठी दाब वाढणे आवश्यकच असते व तो कमी करणे घातक ठरेल, असे अनेक नामांकित वैद्य मानीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांचा दाब अनेक वर्षे वाढत गेल्याच्या नोंदी उपलब्ध आहेत. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले, त्या दिवशी तो ३००/१९० होता. त्या काळी परिणामकारक औषध जवळजवळ नव्हतेच. भात व फळे यांवर आधारलेला जवळजवळ मीठविरहित आहार अथवा अनुकंपी तंत्रिका कापण्याची अवघड शस्त्रक्रिया एवढेच उपाय उपलब्ध होते.

यानंतर १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगॅम या गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांची दीर्घकाल पाहणी सुरू झाली. हृद्‌विकार व पक्षाघात यांच्याशी रक्तदाबाचा असलेला संबंध तीतून निःसंशय सिद्ध झाला. प्रसरणी दाब तेवढा महत्त्वाचा, हा जुना समजही चुकीचा ठरला. उतारवयात आकुंचनी दाब हाच धोक्याचा अधिक विश्वसनीय निदर्शक असल्याचे आढळले.

सर्पगंधा व मुंबईतील संशोधन : अतिरक्तदाबावरील औषधोपचाराच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. करवीर कुलातील सर्पगंधा ही लहान झुडपासारखी वनस्पती हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशाप्रमाणेच सह्याद्री व कोकणातही आढळते. तिचे मूळ उन्माद, निद्रानाश व सर्पदंश यांवर परंपरेने वापरले जात असे. कलकत्ता येथील गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिचा उन्माद व अतिरक्तदाब या दोन्हींवर उपयोग होत असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्ली येथे सलीमुझ्झमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनी मुळातील अल्कलॉइडे वेगळी केली.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृद्‌रोगतज्ञ रुस्तुम जाल वकील (१९११–७४) यांनी हे मूळ अनेक वर्षे आपल्या रुग्णांना देऊन दाबाच्या काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या व ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या निबंधामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले गेले. बॉस्टन येथील रॉबर्ट विल्किन्झ यांनी तिचे परीक्षण केले आणि स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पीन हे प्रभावी अल्कलॉइड अलग करण्यात आले. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचे लास्कर पारितोषिक व १९५८ मध्ये भारत सरकारचा पद्मभूषण हा किताब मिळाला. गावठी मुळीचा उपयोग ही परंपरागत माहिती होती. तिचे वैद्यकीय ज्ञानात रूपांतर झाले ते दाबाच्या क्रमवार नोंदींमुळे. मापनाचे महत्त्व यावरून दिसून येते. पुढे मोठ्या मात्रेत रेसर्पिनाने मनोविषाद उद्‌भवतो असे आढळले व अधिक सुरक्षित औषधे मिळाल्यामुळे त्याचा वापर मागे पडला. मुळांसाठी झालेल्या अनिर्बंध तोडीमुळे ही वनस्पती दुर्मिळ झाली असून १९९० पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधित आहे.

दाब कमी केल्याने आयुष्य वाढते काय, याचे निर्णायक उत्तर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील चाचण्यांनी दिले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत प्रसरणी दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. औषध न मिळालेल्या गटात पक्षाघात, हृद्‌निष्फलता व मृत्यू यांचे प्रमाण इतके अधिक निघाले की चाचणी लवकर थांबवावी लागली. वापरलेल्या तीन औषधांत रेसर्पिनाचा समावेश होता. १९७० मधील दुसऱ्या चाचणीने मध्यम दाबाच्या रुग्णांतही लाभ होतो असे दाखविले. साठीपुढील ज्या व्यक्तींचा केवळ आकुंचनी दाब वाढलेला असतो, त्यांना औषध दिल्यास पक्षाघाताचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटते, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले.

सीमारेषेचा प्रश्न : निरोगी दाब कोठे संपतो व रोग कोठे सुरू होतो, याविषयी १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये प्रसिद्ध वाद झाला. रॉबर्ट प्लॅट यांच्या मते अतिरक्तदाब ही आनुवंशिक व वेगळी रोगावस्था होती. उलट जॉर्ज पिकरिंग यांनी असे प्रतिपादन केले की, लोकसंख्येत दाबाची वाटणी उंचीप्रमाणे अखंड असते. ज्याप्रमाणे उंच व ठेंगणी माणसे अशा दोन जाती नाहीत, त्याचप्रमाणे रोगी व निरोगी दाब यांत निसर्गाने रेषा आखलेली नाही. पिकरिंग यांचे मत पुढे मान्य झाले. सुमारे १० लाख प्रौढांच्या माहितीवरून २००२ मध्ये असे दिसून आले की, चाळिशी ते सत्तरी या वयात ११५/७५ पासून पुढे आकुंचनी दाब २० मिमी.ने अथवा प्रसरणी दाब १० मिमी.ने वाढला की, पक्षाघात व हृद्‌रोहिणीविकार यांमुळे येणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट होतो. म्हणजे १३९ या आकड्याला निर्भय व १४१ ला रोगी म्हणणे हा सोयीसाठी केलेला संकेत आहे.

संकेत मात्र आवश्यक आहे, कारण उपचार द्यावा की न द्यावा हे ठरवावेच लागते. भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमात १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब वेगवेगळ्या दिवशी आढळल्यास अतिरक्तदाब धरतात. अमेरिकेतील संस्थांनी २०१७ मध्ये ही मर्यादा १३०/८० वर आणली. यूरोपीय हृद्‌रोगतज्ञांच्या संस्थेने १४०/९० कायम ठेवून २०२४ मध्ये १२०/७० पासून त्या मर्यादेपर्यंतच्या दाबास ‘वाढलेला दाब’ असा वेगळा वर्ग दिला. सीमारेषा बदलल्या तरी धोक्याचे स्वरूप बदललेले नाही. आकुंचनी दाब १२० च्या व प्रसरणी ८० च्या खाली असणे चांगले. त्यापुढील दाबात आहार व राहणी यांकडे लक्ष द्यावे व ठरावीक काळाने पुन्हा माप घ्यावे. दाब १४०/९० च्या वर वारंवार भरत असल्यास वैद्याचा सल्ला व बहुधा औषध आवश्यक असते. १८०/१२० च्या वर दाब असून छातीत दुखणे, धाप, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हात वा पाय लुळा पडणे यांपैकी काहीही आढळले, तर रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. उलट दाब ९०/६० च्या आसपास असून काहीही त्रास नसेल, तर तो बहुधा रोग नसतो. घेरी येत असल्यास मात्र कारण शोधावे लागते.

मापनातील दोष : आकडा चुकीचा असल्यास त्यावर आधारलेला निर्णयही चुकतो. माप घेण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व श्रम वर्ज्य करावेत, लघवी करून यावे व पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठीला आधार व पावले जमिनीवर असावीत. पट्टा उघड्या दंडावर बांधावा व दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. दंड १० सेंमी. खाली राहिल्यास केवळ रक्तस्तंभाच्या वजनामुळे आकडा सुमारे ८ मिमी.ने जास्त भरतो. जाड दंडास अरुंद पट्टा लावल्यास रीव्हा-रोत्ची यांच्या वेळचाच दोष पुन्हा उद्‌भवतो. माप चालू असताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोन मापे घ्यावीत व पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजावे.

काही व्यक्तींचा दाब दवाखान्यात वैद्य समोर असतानाच वाढतो व घरी नेहमीसारखा असतो. काहींच्या बाबतीत याच्या उलट घडते आणि खरा धोका दवाखान्यातील मापात लपून राहतो. म्हणून घरी आठवडाभर सकाळसंध्याकाळ घेतलेल्या मापांची सरासरी हा अधिक भरवशाचा पुरावा होय. घरच्या मापांत अतिरक्तदाबाची मर्यादा १३५/८५ धरतात. पाऱ्याची उपकरणे दीर्घकाळ प्रमाण मानली जात. परंतु पाऱ्याच्या विषारीपणामुळे २०१३ च्या मिनामाता करारान्वये ती टप्प्याटप्प्याने काढून टाकली जात आहेत. त्यांच्या जागी आलेल्या विद्युत् उपकरणांची अचूकता वेळोवेळी तपासून घेणे अगत्याचे असते.

बोदवड व खानदेश : खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांना १९६० पासून अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे आहेत व धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. भुसावळ-नागपूर लोहमार्गालगतचे बोदवड हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे व कापूस-बाजाराचे गाव. त्याच्या भोवतालचा प्रदेश बव्हंशी कोरडवाहू शेतीचा व पाणीटंचाईचा आहे. उच्च दाब हा शहरी, सुखवस्तू व चिंताग्रस्त लोकांचा रोग असून अंगमेहनत करणाऱ्यास तो होत नाही, असा समज अशा प्रदेशात दीर्घकाळ रूढ होता. पाहण्यांनी तो खोटा ठरविला आहे. २०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ वर्षांवरील २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष यांचा दाब वाढलेला होता अथवा त्यांचे औषध चालू होते. २० वर्षांवरील व्यक्तींच्या दुसऱ्या एका देशव्यापी अभ्यासात (२०२३) हे प्रमाण ३५·५ टक्के आढळले. वयोगट व पद्धती यांतील फरकामुळे आकडे भिन्न असले, तरी ग्रामीण भाग या रोगापासून मुक्त नाही, याविषयी दोन्हींत एकवाक्यता आहे.

या प्रदेशाच्या आहारातील काही गोष्टी दाबाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोग्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढास दिवसाला ५ ग्रॅ.पेक्षा कमी मीठ पुरेसे मानले आहे. भारतीय आहारात ते याहून बरेच जास्त असते. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते व दाब वाढविते. ३२ देशांतील दहा हजारांवर व्यक्तींच्या १९८८ मधील पाहणीत मिठाचे सेवन व दाब यांचा संबंध स्पष्ट झाला. खानदेशी जेवणात वरणभाजीतील मिठाखेरीज ठेचा, लोणचे, पापड, कुरडई व शेवभाजीतील शेव यांतून आणखी मीठ पोटात जाते. पापडखारातही सोडियम असते. याउलट पोटॅशियमामुळे दाब उतरण्यास मदत होते व जळगाव जिल्ह्याचे मुख्य फळ असलेल्या केळ्यात ते दर १०० ग्रॅ.मध्ये सुमारे ३५० मिग्रॅ. असते. ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्ये, वांगी व पालेभाज्या हा मूळचा आहारही हितकारकच आहे. मात्र वृक्कविकार असलेल्यांनी केळी अथवा पोटॅशियमयुक्त मीठ वैद्याच्या सल्ल्याशिवाय वाढवू नये. तंबाखू व मशेरी यांमुळे दाब तात्पुरता चढतो व रोहिण्यांची हानी होते.

उन्हाळ्याचाही विचार येथे करावा लागतो. जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात तपमान ४५° से.च्या वर जाते. उष्णतेने त्वचेतील वाहिन्या विस्फारतात, घामावाटे पाणी व क्षार जातात आणि दाब उतरतो. मूत्रल औषधे घेणाऱ्यास अशा वेळी घेरी येण्याचा संभव असतो. म्हणून मात्रेत बदल करावयाचा झाल्यास तो वैद्याने करावा. उन्हाळ्यात उतरलेला आकडा पाहून स्वतःच औषध बंद केल्यास हिवाळ्यात दाब पुन्हा चढतो व पक्षाघाताचा धोका वाढतो.

वैद्यकीय सोयींच्या दृष्टीने खानदेशात धुळे येथे १९८८ मध्ये व जळगाव येथे २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. दाबाच्या रोगाचा खरा प्रश्न मात्र मोठ्या रुग्णालयाचा नसून गावाजवळच्या नियमित तपासणीचा आहे. ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत सुमारे ५,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र व ३०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा दंडक आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले व तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा रक्तदाब तपासणे हे त्यांचे एक नियत काम ठरले. आशा कार्यकर्ती घरोघर माहिती भरून घेते. भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस ज्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. ठरलेला सोपा औषधक्रम, महिनाभराची औषधे एकदम देणे, प्रत्येक रुग्णाचे नोंदपत्रक व तपासणीस न आलेल्यांचा पाठपुरावा ही त्याची मुख्य सूत्रे आहेत. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे.

या व्यवस्थेत आकड्यांचा अर्थ कसा लावावा हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, बोदवडच्या आठवडे बाजारासाठी पायी आलेल्या पन्नाशीतील शेतमजुराचा दाब तपासणी शिबिरात १५२/९४ भरला. एवढ्यावरून त्यास रोगी ठरविता येत नाही, कारण चालणे, ऊन, चहा व गर्दी यांचा परिणाम त्यात असू शकतो. पाच मिनिटांनी पुन्हा घेतलेले माप १४६/९२ व पुढच्या आठवड्यात उपकेंद्रावरील माप १४८/९२ असल्यास मात्र अतिरक्तदाबाचे निदान निश्चित होते. त्याला कोणताही त्रास होत नसला तरी हे निदान बदलत नाही. डोके दुखत नाही म्हणून दाब नाही, हे अनुमान चुकीचे होय. त्यानंतर रक्तातील साखर, लघवीतील प्रथिन व वृक्कांचे कार्य तपासतात, कारण तोच दाब मधुमेह, तंबाखूचे व्यसन अथवा वृक्कविकार असलेल्यास अधिक घातक असतो. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी दाब १२८/८२ भरला, तर तो आकडा औषधासह मिळालेला आहे. रोग बरा झाल्याचा तो पुरावा नव्हे. याच टप्प्यावर अनेक रुग्ण गोळ्या थांबवितात व काही महिन्यांत दाब पूर्ववत होतो.

उपचाराचा लाभ लहान आकड्यांत दिसतो, पण तो खरा असतो. आकुंचनी दाब १० मिमी.ने कमी झाल्यास पक्षाघाताचे प्रमाण सुमारे एकचतुर्थांशाने व हृदय-रोहिण्यांच्या गंभीर विकारांचे प्रमाण सुमारे एकपंचमांशाने घटते, असे २०१६ मधील अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात आढळून आले. कोरडवाहू भागातील कुटुंबात कमावत्या व्यक्तीस पक्षाघात झाला म्हणजे मजुरी बुडते, जमीन गहाण पडते व घरातील दुसरी व्यक्ती शुश्रूषेत अडकते. ही आपत्ती टाळण्याचे साधन उपकेंद्रातील पट्टा व दररोजची स्वस्त गोळी एवढेच आहे. हेल्स यांच्या अडीच मीटर नळीपासून या पट्ट्यापर्यंत येण्यास सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. पट्ट्यावरील आकडा कमी करणे हिताचे आहे, हे सिद्ध होण्यास त्यानंतर आणखी साठ वर्षे लागली. दाब वेळोवेळी मोजणे, मापांची नोंद जपून ठेवणे व औषधात खंड न पाडणे यांवरच त्या ज्ञानाचा उपयोग अवलंबून असतो.